निश्चयाचे मोल

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, तिच्यातील आरोप नेमका कोणावर आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. म्हणीचा सारा रोख वस्तूवर आहे. वस्तू लबाड, तिचे बाह्यरूप एक आणि अंतरंग दुसरे, आणि पाहणारा बिचारा निरपराध, असा तिचा अभिप्राय दिसतो. माणसांच्या व्यवहारात या म्हणीला पुष्कळ आधार सापडेल. परंतु सृष्टीत असेही असंख्य जीव आहेत की, जे अगदी दिसतात तसेच असतात आणि तरीही जग त्यांच्या बाबतीत फसते. कारण त्यांच्याकडे पुरते पाहण्याची सवड जगाला नसते. आता पुरते पाहणे म्हणजे किती पाहणे? निश्चय होईपर्यंत, असे उत्तर कोणी देईल. मग त्या निश्चयापायी काय काय खर्च करण्याचा आपणांस अधिकार आहे, आणि तो खर्च कोणी सोसावयाचा? हा प्रश्न वस्तुतः नीतिशास्त्राचा आहे. पण ज्ञान ही गोष्ट मुळातच पवित्र असा समज असल्यामुळे ज्ञानाच्या जमाखर्चाची वही कोणी सहसा उघडून पाहत नाही. ती येथे ससाण्यांच्या निमित्ताने थोडी चाळावी, असा विचार आहे.

ससाणा हा शब्द आपण सैलपणाने वापरतो. लांब निमुळते पंख, काळेभोर डोळे आणि वरच्या चोचीच्या कडेला दातासारखी एक खाच, ही या कुळाची सर्वसाधारण खूण. हिंदुस्थानात दिसणाऱ्या मोठ्या ससाण्यांपैकी चौघांचा घोटाळा विशेष होतो: बहिरी, शाहीन, लग्गर आणि चरग. यांतील बहिरी हा थंडीचा पाहुणा. उत्तर ध्रुवाजवळच्या वृक्षहीन प्रदेशात पिले वाढवून तो हिवाळ्यात आपल्या समुद्रकिनाऱ्यांवर, तळ्यांच्या काठी आणि शहरांतील उंच इमारतींवर मुक्कामाला येतो. त्याची पाठ निळसर राखी, पोट पांढरट व त्यावर बारीक आडव्या रेघा, आणि डोळ्याखालून गालावर उतरणारा एक रुंद काळा पट्टा. या पट्ट्याला पक्षिवेत्ते मिशी म्हणतात. शाहीन हा त्याचाच भाऊबंद, शास्त्राच्या हिशेबाने बहिरीचीच एक उपजात. पण तो घर सोडून जात नाही. सह्याद्रीच्या तुटलेल्या कड्यांवरील कपारींत त्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असते. त्याचे डोके जवळजवळ सगळेच काळे, पाठ गडद आणि छातीखालचे अंग तांबूस. लग्गर हा कोरड्या, उघड्या मैदानांचा रहिवासी. माथा तांबूस, मिशी बारीक व लांबट, छाती पांढरी आणि मांड्या तपकिरी, जणू काही गडद रंगाची विजार घातलेली. चरग हा मध्य आशियाकडून हिवाळ्यात वायव्येकडील रुक्ष मुलखात उतरणारा. अंगाने तो चौघांत थोर. त्याची पाठ तपकिरी, डोके फिकट, मिशी असून नसल्यासारखी. आणि बसला असता त्याच्या पंखांची टोके शेपटीच्या शेवटापर्यंत पोचत नाहीत. बहिरीची बहुतेक पोचतात.

एवढे वाचून कोणासही वाटेल की, ही वाक्ये पाठ केली म्हणजे झाले. परंतु आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत, ते सगळे या चार पक्ष्यांच्या अंगावर मूर्तिमंत पाहावयास मिळतात. रुंद मिशी हे बहिरीचे लक्षण म्हणावे, तर ती शाहीनालाही असते, आणि त्याची तर अधिकच ठळक. ही अतिव्याप्ति झाली. पोटावरील आडव्या रेघा हे लक्षण म्हणावे, तर पहिल्या वर्षाच्या बहिरीला त्या नसतातच. त्याच्या पोटावर उभे फराटे असतात आणि पाठही राखी नसून तपकिरी असते. ही अव्याप्ति झाली. लग्गराची पांढरी छाती ही खात्रीची खूण म्हणावी, तर त्याचे वर्षाच्या आतले पिलू खालून बहुतेक सगळे तपकिरी असते, आणि गडद रंगाच्या चरगापासून त्याला वेगळे काढताना चांगले जाणते लोकही थबकतात. आकारावर विसंबावे, तर या कुळात मादी नराहून बरीच मोठी असते. त्यामुळे लहान जातीची मादी आणि मोठ्या जातीचा नर ही शेजारी शेजारी येऊन बसतात. शिवाय पिसे ही वर्षभर अंगावर वागवलेली वस्त्रे आहेत. उन्हाने ती विटतात, कडा झिजतात, आणि नवी येतात तीही एकदम न येता एक एक करून येतात. एकाच जातीच्या दोन पक्ष्यांत जेवढे अंतर पडते तेवढे कधी कधी दोन जातींतही नसते, असे म्हणावयास हरकत नाही.

याहून मासलेवाईक उदाहरण खरुचीचे आहे. वाऱ्यावर एकाच जागी पंख थरथरवीत राहून गवतातला उंदीर हेरणारा हा लहान ससाणा बहुतेकांच्या पाहण्यात असेल. त्याची एक धाकटी बहीण आहे, तिला आपण धाकटी खरुची म्हणू. दोहोंतील नर ओळखणे फारसे कठीण नाही. धाकट्या खरुचीच्या नराच्या विटकरी पाठीवर ठिपके नसतात, आणि पंखावर निळसर राखी पट्टा असतो. परंतु माद्या मात्र इतक्या सारख्या की, पिसांकडे पाहून कोणी छातीठोकपणे बोलेल तर त्याच्या छातीचेच कौतुक करावे. आणि खात्रीची म्हणून जी खूण सांगतात ती पिसांत नाहीच, ती नखांत आहे. मोठीची नखे काळी आणि धाकटीची पांढुरकी. आकाशात दोनशे हातांवर उडणाऱ्या पक्ष्याची नखे पाहावयाची कोणी आणि कशी? म्हणजे भेद निश्चित आहे, तो कोठे आहे हेही ठाऊक आहे, आणि तरीही समोरच्या या एका पक्ष्याविषयी मौन पाळणेच प्राप्त आहे, अशी स्थिती येते. ज्ञान असणे आणि या क्षणी ते लागू करता येणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

या पक्ष्यांना ओळखण्याचा पहिला मोठा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केलेला नाही; तो शिकाऱ्यांनी केला. कूर्माचलाचा राजा रुद्रदेव याचा 'श्यैनिकशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली कलकत्त्यास संपादून प्रसिद्ध केला. श्येनपालनाची विद्या आपल्याकडे किती बारकाईने जोपासली गेली होती याची साक्ष त्यात मिळते. ससाणे पाळणाऱ्या मंडळींनी शिकारी पक्ष्यांचे दोन मोठे वर्ग केले होते, आणि तेही डोळ्यांच्या रंगावरून: सियाहचष्म म्हणजे काळ्या डोळ्यांचे, आणि गुलाबचष्म म्हणजे पिवळ्या वा तांबूस डोळ्यांचे. ससाणे पहिल्या वर्गात आणि शिकरा, बाज दुसऱ्यात. पुढे पाश्चात्त्य शास्त्राने चोच, नाकपुड्या, सांगाडा तपासून जी विभागणी केली ती याच्याशी बव्हंशी जुळते. इतकेच नव्हे, तर नर आणि मादी यांना या लोकांनी स्वतंत्र नावे दिली होती. मादी ती लग्गर, तिचा नर झग्गर; मादी ती चरग, तिचा नर चरगेला. कारण हातावर घेऊन उडवावयाच्या पक्ष्याच्या बाबतीत नर की मादी हा भेद जातीच्या भेदाइतकाच महत्त्वाचा होता.

कंपनी सरकारच्या सैन्यातील टॉमस हार्डविक या अधिकाऱ्याने हिंदी चित्रकारांकडून प्राण्यांची चित्रे काढवून घेतली होती. १८३० ते १८३५ या काळात जॉन ग्रे याने ती लंडनमध्ये प्रसिद्ध केली, आणि १८३४ साली त्यांतील दोन ससाण्यांना शास्त्रीय नावे दिली: फाल्को जुग्गर आणि फाल्को चेरुग. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, यांतले पहिले नाव लग्गराच्या नराचे आहे आणि दुसरे चरगाच्या मादीचे. एका जातीच्या मादीला नराचे नाव आणि दुसरीच्या नराला मादीचे, असा हा संसार गेली दोन शतके चालू आहे. नाव देणाऱ्याला ज्या भेदाची गरज नव्हती तो भेद नावातून गळून पडला. प्रत्येक नामकरणात असे काहीतरी गळतेच; काय गळाले हे आठवणीत ठेवणे एवढेच आपल्या हाती असते.

परंतु शिकाऱ्याच्या ज्ञानालाही एक काळी बाजू आहे. त्याची ओळख उपयोगापुरती होती, आणि उपयोगावरून त्याने पक्ष्यांची प्रतवारी लावलेली होती. बहिरी, शाहीन व चरग यांना दरबारी किंमत. लग्गर मात्र सामान्य. म्हणून लग्गराच्या नशिबी एक विशेष काम आले. त्याच्या पायांना पिसांचा झुबका आणि बारीक फासे बांधीत, पापण्या काही अंशी शिवून टाकीत, म्हणजे तो उंच वा दूर जाऊ नये, आणि मग त्याला हवेत सोडीत. दुरून पाहणाऱ्या चरगाला किंवा बहिरीला वाटे की, हा भक्ष्य घेऊन चालला आहे. तो ते हिसकावण्यास झेपावे, फाशात पंजे अडकत, आणि दोघेही जमिनीवर येत. या आमिषाच्या पक्ष्याला बारक म्हणत. ही रीत अद्यापि पुरती नाहीशी झालेली नाही, आणि लग्गराची संख्या घटण्याच्या कारणांत हिचीही गणना होते. दोन पक्ष्यांतील सूक्ष्म भेद ज्याला सर्वांत उत्तम कळत होता, त्याच माणसाने त्या भेदाच्या आधारे एकाला हातावर बसविले आणि दुसऱ्याचे डोळे शिवले. भेद ओळखता येणे म्हणजेच न्यायबुद्धी असणे, असे मानणाऱ्यांनी बारकाची आठवण ठेवावी.

शिकाऱ्यामागून संग्राहक आला. एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्राची मुख्य साधने दोन: बंदूक आणि चाकू. पक्षी पाहून ओळखावयाचा असतो ही कल्पनाच त्या वेळी मान्य नव्हती. तो पाडावा, कातडे सोलून त्यात कापूस भरावा, पायाला चिठ्ठी बांधावी, आणि मग फुटपट्टी घेऊन निर्णय द्यावा, ही रीत. जर्डनचा हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील ग्रंथ १८६२ ते १८६४ या वर्षांत याच रीतीच्या बळावर सिद्ध झाला. आणि ॲलन ह्यूम यांनी १८८५ साली, म्हणजे ज्या वर्षी राष्ट्रीय सभेची स्थापना झाली त्याच वर्षी, ब्रिटिश म्युझियमला दिलेला प्रचंड संग्रहही याच रीतीचा. या पद्धतीने निश्चय खरोखरच होतो, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. मेलेल्या खरुचीची नखे निवांतपणे पाहता येतात. पण तो निश्चय ज्याच्याविषयी केला तोच जीव त्या निश्चयात संपलेला असतो. उडणाऱ्या ससाण्याविषयी आपल्याला संशय होता. आता संशय नाही आणि उडणेही नाही.

ज्ञाननीतीच्या चर्चेत विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचे नाव नेहमी निघते. पुरेशा पुराव्यावाचून कोणतीही गोष्ट खरी मानणे हा नैतिक अपराध होय, असा सिद्धांत त्याने १८७७ साली मोठ्या आवेशाने मांडला. सिद्धांत कडक आहे, आणि अर्धवट दिसलेल्या पक्ष्याला ठाम नाव देऊन मोकळे होणाऱ्यांस तो ऐकविण्यासारखाही आहे. तथापि तो एकांगी वाटतो. त्याने सगळे लक्ष पुराव्याच्या प्रमाणावर दिले. पुरावा मिळविण्याच्या रीतीकडे त्याने पाहिले नाही. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणारा जसा दोषी, तसा पुरावा पुरा करण्याच्या हट्टापायी वाटेल ते करणाराही दोषी ठरू शकतो. पहिल्याने सत्याचा अपमान केला; दुसऱ्याने सत्याच्या नावावर दुसऱ्याचे सर्वस्व खर्च केले.

येथे प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती बळकट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत बहिरी ससाणे भराभर कमी होऊ लागले. घरट्यांत अंडी फुटलेली सापडत. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने १९६७ साली दाखवून दिले की, साधारण १९४७ पासून या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आहेत; आणि त्याचा संबंध पुढे डीडीटीसारख्या कीटकनाशकांशी निश्चितपणे जोडला गेला. आता १९४७ पूर्वीची कवचे किती जाड होती हे त्याला कशावरून कळले? छंदी लोकांनी घरटी लुटून जमविलेल्या अंड्यांच्या पेट्यांवरून. ज्या चोरट्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या ससाण्यांची घरटी रिकामी केली, त्यांच्याच पेट्यांतून ससाण्यांना वाचविणारा पुरावा निघाला. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीचा शेतीतील वापर बंद केला, त्यामागे अशा पुराव्यांचा मोठा आधार होता. तेव्हा संग्राहकाला सरसकट खाटीक म्हणून मोकळे होता येत नाही.

पण या उदाहरणावरून काय सिद्ध होते, तेही नीट पाहावे. त्या कवचांचे मोल कशात होते? प्रत्येक अंड्याबरोबर कोठे व केव्हा मिळाले याची खरी नोंद होती, यात. नोंद वगळली तर ती सुंदर ठिपक्यांची टरफले होती, अधिक काही नाही. मेलेली वस्तू स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने चिठ्ठी बोलते, आणि चिठ्ठी माणूस लिहितो. ती खोटी असली तर काय होते याचा दाखला महाराष्ट्राच्याच भूमीत सापडतो. रानपिंगळा हे लहान घुबड ह्यूम यांनी १८७३ साली शास्त्राला परिचित करून दिले. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याशी त्याचे साम्य इतके की, दोहोंना वेगळे करण्यास डोक्यावरील ठिपके आणि छातीवरील पट्टे बारकाईने पाहावे लागतात. १८८४ नंतर तो खात्रीने कोणाला दिसला नव्हता. मात्र कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळविल्याची नोंद आणि नमुना संग्रहात होता. पुढे पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा उघडकीस आले की, तो जेम्स डेव्हिडसन यांनी पूर्वी खानदेशात मिळविलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. ती लबाड नोंद बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. एकशे तेरा वर्षांनी.

म्हणजे बंदुकीने मिळविलेला निश्चयसुद्धा अखेर लिहिणाऱ्याच्या सचोटीवर उभा असतो. मग तीच सचोटी दुर्बिणीतून पाहणाऱ्यापाशी असल्यास त्याचे ज्ञान कमी प्रतीचे का मानावे? विसाव्या शतकात हळूहळू ही दृष्टी आली. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन याच्या १९३४ सालच्या पुस्तकाने लोकांना दुरून ओळखण्याच्या खुणा शिकविल्या. आपल्याकडे सलीम अली यांच्या १९४१ सालच्या ग्रंथाने हजारोंना पक्षी न मारता ओळखण्याचा नाद लावला. सलीम अलींनी स्वतः बंदूक वापरली होती, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या पुस्तकाने वाचकाच्या हाती बंदूक दिली नाही. या नव्या रीतीत एक गोष्ट मात्र अपरिहार्यपणे पत्करावी लागते, आणि ती म्हणजे काही पक्षी अनोळखी राहणार. वहीत 'ससाणा, जात अनिश्चित' असे लिहून पुढे जावे लागणार. ज्याला हे लिहिताना कमीपणा वाटतो त्याने हा नाद करू नये; त्याची वही भरलेली दिसेल, पण विश्वासार्ह राहणार नाही.

आणखी एक विचार असा की, प्रत्येक संशयाचा दोष आपल्या डोळ्यांकडे नसतो. कधी कधी खुद्द सृष्टीनेच निकाल दिलेला नसतो. अल्ताय पर्वताच्या आसपास गडद रंगाचा एक मोठा ससाणा आढळतो. मेंझबिर या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ साली त्याला स्वतंत्र जात ठरविले. पुढे कोणी त्याला चरगाचाच एक रंगभेद म्हटले, तर कोणी चरग आणि उत्तरेकडील मोठा गिर ससाणा यांचा संकर. अमेरिकेतील प्रकार याहून विचार करण्यासारखा आहे. तेथील पूर्व भागातून १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहिरी पार नाहीसा झाला. १९७० साली स्थापन झालेल्या संस्थेने पिंजऱ्यात पिले वाढवून ती पुन्हा सोडावयास सुरुवात केली. पण मूळचे वंश उरले नसल्यामुळे ही पिले वेगवेगळ्या खंडांतील अनेक उपजातींच्या मिश्रणातून घेतलेली होती. आज त्या कड्यांवर आणि मनोऱ्यांवर जो पक्षी झेप घेतो, तो तेथील बहिरी म्हणावा की नाही? शुद्धतेचा आग्रह धरणारे नाही म्हणतील. पारव्यांचे मत विचारल्यास ते निराळे पडेल. जातीच्या सीमारेषा आपण नकाशावर आखतो तशा शाईच्या नसतात. त्या नदीच्या काठासारख्या असतात, खऱ्या, पण हलणाऱ्या.

आता यावर कोणी म्हणेल की, हा सारा खटाटोप पक्ष्याच्या काय कामाचा? नाव बहिरी म्हटले काय आणि लग्गर म्हटले काय, त्याला त्याचे सुखदुःख नाही. दया करावयाची तर ती नाव न विचारता करावी. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला एक चांगला आधारही देता येईल. सैबेरियाच्या पूर्वेकडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जाणारे अमूर ससाणे दर शरद ऋतूत नागभूमीत दोयांग जलाशयाभोवती थव्यांनी उतरतात. २०१२ साली तेथे मासेमारीची जाळी लावून ते पकडले व मारले जात असल्याचे उघड झाले. त्या हंगामात मेलेल्यांचा अंदाज लाखाच्या वर होता. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पांगती व आसपासच्या गावांनी शिकार थांबविली. गावकऱ्यांनी हे केले ते काही पंखाखालचा रंग तपासून नव्हे. पण त्याच वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर छोटी यंत्रे बसवून त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावे देण्यात आली. आणि ते पक्षी हिंदुस्थानचे द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत कसे उतरतात, हे साऱ्या जगाने पाहिले. दयेने जाळी खाली आली हे खरे. परंतु जाळ्यात सापडणारा हा जीव किती देशांचा पाहुणा आहे, त्याच्यासाठी कोठकोठे आणि कोणत्या महिन्यात जागे राहावे लागेल, हे ओळखीवाचून कळले नसते. ज्याचे नावगाव ठाऊक नाही त्याच्यावर दया करता येते. त्याची जबाबदारी घेता येत नाही.

या विवेचनाचा शेवट पक्ष्यांपाशीच करता आला असता. परंतु आपल्या भाषेत जीवशास्त्रातील प्रकाराला आणि माणसाच्या जन्मदत्त गटाला 'जात' हा एकच शब्द आहे, आणि तो पुढे जाऊ देत नाही. ज्या शतकाने ससाण्यांच्या पायांना चिठ्ठ्या बांधल्या, त्याच शतकाने माणसांनाही बांधल्या. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला, १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला, आणि महाराष्ट्रातील फासेपारधी त्यात सापडले. फासे लावून पक्षी धरणे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, रानातल्या प्रत्येक पाखराची चाल आणि बोली ज्यांना मुखोद्गत, त्या लोकांची ओळख मात्र सरकारने जन्मावरून एका ओळीत उरकली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. चिठ्ठी मात्र लोकांच्या मनातून अद्याप सुटलेली नाही. ससाण्याच्या बाबतीत मिशीवरून एकदम निर्णय देऊ नये, वय पाहावे, ऋतू पाहावा, उजेड पाहावा, हे आपण मोठ्या कौतुकाने शिकतो. आणि रस्त्यावरच्या माणसाविषयी वेषावरून, आडनावावरून किंवा बोलीवरून अर्ध्या क्षणात निकाल देतो. शिवाय पक्ष्याची खूण निदान त्याच्या अंगावर उगवलेली असते. माणसावरची चिठ्ठी बहुधा दुसऱ्याने लिहिलेली असते.

तेव्हा निश्चयाचे मोल किती, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते असे आहे. निश्चयाची इच्छा चांगली आहे, आणि सर्व ज्ञानाचे मूळ तीच आहे. परंतु ज्याला निश्चय हवा त्याने त्याची किंमत स्वतःच्या पदरातून मोजावी: वेळातून, श्रमातून, आणि 'मला कळले नाही' असे लिहिताना जो अभिमान दुखावतो त्यातून. जो पाहिला जात आहे त्याच्या पंखांतून, डोळ्यांतून किंवा आयुष्यातून ती वसूल करू नये. एवढी किंमत मोजूनही जो संशय उरेल तो निःसंकोचपणे उरू द्यावा. संध्याकाळच्या उतरत्या उजेडात कड्यावरून निसटून दरीपलीकडे गेलेला ससाणा शाहीन होता की बहिरी, हे कधी कधी कळणार नाही. त्या दिवशी वहीत ती जागा कोरी ठेवावी. पक्षी जिवंत आहे, कडा जागेवर आहे, आणि पाहणाऱ्याला पुन्हा येण्यास कोणी मनाई केलेली नाही.